४४ व्या वर्षी फायनान्समध्ये एमबीए की एमकॉम? की राहू दे?

वस्त्रनगरी४४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी इचलकरंजीत एका नागरी सहकारी बँकेत आहे. २००२ साली बीकॉम झाले, शिवाजी विद्यापीठ, सेकंड क्लास. त्याच वर्षी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि तेव्हापासून तिथंच. कॅश झालं, क्लिअरिंग झालं, आता काही वर्षं कर्ज विभागात अधिकारी आहे. मिस्टरांचे साधे माग आहेत, मजुरीनं कापड विणतात. मुलगी बारावीला. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचं पथ्यपाणी माझ्याकडे.

आता विषय. आमचे सीईओ साहेब येत्या काही वर्षांत निवृत्त होतील. रिझर्व्ह बँकेनं जून २०२१ मध्ये नागरी बँकांच्या एमडी-सीईओसाठी पात्रता ठरवून दिली आहे. वय ३५ ते ७०, बँकिंगमध्ये मधल्या किंवा वरच्या पदावर किमान आठ वर्षं, आणि पदवीच्या वर शक्यतो सीएआयआयबी (बँकेतल्या लोकांची वरची परीक्षा), सीए, कॉस्ट अकाउंटंट, एमबीए फायनान्स किंवा कुठलीही पदव्युत्तर पदवी. आमचे एक संचालक सहज बोलता बोलता म्हणाले, "ताई, तुमचं पुढचं शिक्षण असतं तर नाव तरी घेता आलं असतं." सीईओ व्हायचं माझ्या डोक्यात नव्हतं आणि अजूनही फारसं नाही. पण वाक्य अडकून बसलं.

खरं सांगायचं तर ते निमित्त झालं. मूळ खाज वेगळी आहे. माझ्याकडे कर्जप्रकरणं येतात, सोबत सीएनं करून दिलेला सीएमए डेटा, म्हणजे धंद्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांच्या आकड्यांचे तक्ते असतात. मी बघते: करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.३३ आहे का, डीएससीआर (कमाई हप्त्या-व्याजाच्या किती पट) दीडच्या आसपास आहे का, स्टॉक स्टेटमेंट आलंय का. खूण करायची, शेरा मारायचा, फाईल पुढं. मागे एक मागवाले आले होते, सोबत पुण्याला शिकणारा मुलगा. पोरानं विचारलं, "मॅडम, १.३३ च का? १.२५ का नाही?" मी म्हटलं, तसा नॉर्म आहे. पोरगं गप्प बसलं. पण मला रात्री झोप लागेना की एवढी वर्षं हा आकडा मी बघतेय आणि तो आला कुठनं हे मला माहीतच नाही.

तर प्रश्न असे:
एमबीए फायनान्स करावं की एमकॉम? नोकरी सोडणं शक्य नाही. कोल्हापूर इथनं तीस किलोमीटर, रोज संध्याकाळी जाऊन येणं घरचं बघता जमणार नाही.
गणिताचा संबंध बारावीनंतर तुटला. झेपेल का?
एकदा नेटवर नुसती चौकशी केली तर खासगी ऑनलाइन एमबीएवाल्यांचे दिवसाला चार-चार फोन. "मॅडम, आज सीट ब्लॉक करा, ईएमआय करून देतो." यातलं खरं काय, खोटं काय?
आणि ४४ व्या वर्षी हे करणं म्हणजे लोकांना हसायला विषय देणं आहे का? मिस्टर म्हणतात कर. सासूबाई म्हणतात आता पोरीचं बघ. मुलगी म्हणते, आई, आपण दोघी एकदमच परीक्षेला बसू.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. सरळ सांगतो, एमबीएच्या नादी लागू नका. आधी जेएआयआयबी, मग सीएआयआयबी. आयआयबीएफ म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या परीक्षा. तुमची बँक त्यांची संस्थात्मक सभासद आहे का हे आस्थापना विभागात विचारा, कारण बसायला ती अट आहे. जेएआयआयबीचे चार पेपर, सीएआयआयबीचे पाच, त्यातला एक आपल्या आवडीचा. पासिंगला ५०, किंवा प्रत्येकात ४५ आणि एका बैठकीत सरासरी ५०. खर्च किरकोळ. आणि तुम्ही दिलेल्या पात्रतेच्या यादीत सीएआयआयबी सगळ्यात आधी लिहिलंय, ते उगाच नाही.

आता १.३३ चं. ही टंडन समितीची देणगी. १९७५ चा अहवाल. त्यातली दुसरी पद्धत अशी: चालू मालमत्ता १०० रुपयांची धरा, म्हणजे सूत, मागावरचा माल, तयार कापड, येणी वगैरे. त्यातले २५ रुपये धंदेवाल्यानं स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून घालायचे. उरले ७५. ते चालू देण्यांतून भागवायचे, म्हणजे सूतवाल्याची उधारी आणि बँकेचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) मिळून. १०० भागिले ७५ करा. झालं १.३३.

म्हणजे त्या पोराला सांगा, १.२५ म्हटलं तर धंदेवाल्याचा वाटा २५ वरून २० वर येतो. सगळा वाद त्या पाच रुपयांचा आहे.

आकडेमोड

मी पुण्यात एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे, सीएफएची तिसरी पातळी चालू आहे. कडू वाटेल पण लिहितो. ४४ व्या वर्षी एमबीए करून नवी नोकरी मिळेल अशी आशा असेल तर सोडून द्या. आमच्याकडे मुलाखतीला येणारे २५-२६ चे असतात आणि त्यांना घेताना पदवीपेक्षा एक्सेल आणि पायथॉन बघतात. फायनान्स खरंच शिकायचं असेल तर नेटवर सगळं फुकट आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात फायनान्स शिकवणाऱ्या डॅमोडरन सरांचे वर्गातले तासच्या तास व्हिडिओ पडलेत, कुणीही बघावेत. पदवीच्या कागदाला पैसे का मोजायचे?

शेवटची_कर्जत

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून लिहायलाच बसले. लांबेल, आधीच माफी.

मी बदलापूरला राहते. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजन्सीच्या अकाउंट्समध्ये नोकरी. बीकॉम करून लग्न, मग मुलगा, मग नोकरी असा माझा क्रम. २०१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमएफएमला प्रवेश घेतला तेव्हा मी ४१ ची होते आणि मुलगा अकरावीला. एमएफएम म्हणजे मास्टर्स इन फायनान्शियल मॅनेजमेंट, नोकरी करणाऱ्यांसाठीचा तीन वर्षांचा संध्याकाळचा कोर्स. ऑफिस सुटलं की चालत चर्चगेटच्या बाजूला, साडेसहाला वर्ग, मग परत चालत सीएसएमटी आणि उशिराची कर्जत लोकल. गाडी तिथूनच सुटते त्यामुळे खिडकी मिळायची, आणि वाचायला रोज दीड तास. घरी बसून तेवढा सलग वेळ मला कुणी दिला नसता. पोळ्या तीन वर्षं स्टेशनबाहेरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या. सासरी त्यावर जे बोलायचं ते बोलून झालं आणि मग सगळ्यांना त्या आवडायलाही लागल्या.

आधी गणिताचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात खरी भीती तिथं दिसतेय. पहिल्या सत्रात सरांनी फळ्यावर सिग्मा काढला आणि माझ्या शेजारचा पंचविशीतला मुलगा भराभर लिहू लागला. मला तो 'ई' सारखा दिसणारा प्राणी ओळखूच येईना. घरी येऊन मुलाचं अकरावी कॉमर्सचं गणिताचं पुस्तक काढलं. लॉगॅरिदम, संभाव्यता, प्रमाण विचलन, एवढी प्रकरणं पेन्सिलीनं सोडवली. मुलगा तपासायचा आणि लाल पेनानं मार्क द्यायचा, कार्ट्यानं एकदा दहापैकी तीन दिले. पण फायनान्सला लागणारं गणित तेवढंच निघालं. बाकी सगळी चक्रवाढ व्याजाची उलटसुलट रूपं. तुम्ही बँकेत हप्ते काढता, म्हणजे आजचे पैसे आणि उद्याचे पैसे यांतला फरक तुमच्या हातात आहे. एनपीव्हीचं, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशांची निव्वळ आजची किंमत काढायचं, सूत्र बघून घाबरू नका, हप्त्याचा तक्ताच उलटा वाचायचा असतो.

तुम्ही १.३३ ची गोष्ट लिहिलीत तशी माझी गोष्ट डॉलरची आहे. आमच्याकडे परदेशी जहाजमालकांचे पैसे डॉलरमध्ये यायचे. सहा महिन्यांनी येणारे डॉलर साहेब आजच बँकेला विकून ठेवायचे, फॉरवर्ड करून. तेव्हा डॉलर साठ-बासष्टच्या घरात होता. आणि बँक पुढच्या तारखेसाठी आजच्या भावापेक्षा दोनेक रुपये जास्त द्यायची. मी वर्षानुवर्षं त्या नोंदी केल्या. आमच्या ऑफिसात सगळ्यांचा समज असा की बँकेला डॉलर वर जाणार असं वाटतंय म्हणून ती जास्त देते. वर्गात इंटरेस्ट रेट पॅरिटीचा धडा आला. सरांनी विचारलं, आज रुपयात ठेव ठेवली तर किती टक्के? आठ-नऊ. डॉलरमध्ये? एक टक्कासुद्धा नाही. मग फरक सात-आठ टक्के वर्षाचा, सहा महिन्यांचा त्याच्या निम्मा. साठाला लावा. दोन-अडीच रुपये. बँकेला काहीही वाटत नव्हतं! ती दोन व्याजदरांतला फरक तेवढा मोजून देत होती. त्या दिवशी गाडीत मी जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स आठवून आठवून मनात गुणाकार करत होते.

आता @आकडेमोड यांना. व्हिडिओ मीही बघते, उत्तमच आहेत. पण तुमच्या वयात शिकलेलं आणि आमच्या वयात शिकलेलं यांत एक फरक आहे, तो व्हिडिओत येत नाही. आम्हाला मोदिग्लियानी-मिलर शिकवलं, १९५८ चा तो निबंध. कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही, असं धरलं तर कंपनीनं कर्ज किती घेतलं यानं तिची किंमत बदलत नाही. पंचविशीतल्या मुलांनी वहीत उतरवून घेतलं, परीक्षेला येणार म्हणून चौकट केली. मागच्या बाकावर आम्ही तिघं-चौघं चाळिशीचे होतो. एक औषध कंपनीतला, एक कापड गिरणीच्या हिशेबनिसातून वर आलेला. आमची चुळबूळ सुरू झाली. कारण मी २००८ पाहिलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे मालवाहू जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, अकरा हजारांच्या वर होता आणि डिसेंबरात सातशेच्या खाली. जहाजाचं भाडं इतकं पडलं की इंधनाचा खर्च निघेना. आमचे जे मालक कर्ज काढून जहाजं घेत सुटले होते त्यांच्याकडून बंदराची बिलं वेळेत येईनात, फोन उचलेनात. ज्यांच्यावर कर्ज कमी होतं ते जहाज नांगरून शांत बसले. दिवाळखोरीचा खर्च म्हणजे वकिलाची फी असं पुस्तकात होतं. मी उठून सांगितलं की तो खर्च दिवाळखोरीच्या कितीतरी आधी सुरू होतो, पुरवठादार उधारी बंद करतो त्या दिवशी. सरांनी पुस्तक मिटलं आणि तो सगळा तास त्यावर गेला. तो गिरणीवाला तर असा बोलला की विचारू नका. ३१ मार्चला करंट रेशो बसवण्यासाठी काय काय करतात, कुठली येणी अलीकडे ओढतात, कुठली देणी एक एप्रिलला ढकलतात, सगळं. ताई, तुमच्या टेबलावर जो १.३३ येतो ना, त्यातले निम्मे त्याच्या हातचे असतील!

म्हणून माझं मत, आणि ते @निवृत्त_शाखाधिकारी काकांना पटणार नाही: सीएआयआयबी जरूर करा, पण ती परीक्षा आहे. बरोबर पर्यायावर टिचकी मारायची. 'असं का' म्हणून भांडायला समोर माणूस लागतो. उशिरा शिकण्यात जी मजा आहे ती सगळी त्या भांडणात आहे, नाहीतर नुसतीच दगदग.

हातात काय पडलं तेही सांगते, नाहीतर जाहिरात वाटेल. पदवी मिळाल्यावर पगारात एक पैचा फरक पडला नाही. साहेबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, चला, आता जीएसटीचं बघा (२०१७ चा जुलै, आठवा). पुढे ट्रेझरीचं काम माझ्याकडे आलं, फॉरवर्ड कधी घ्यायचा यावर माझं मत विचारू लागले. ते पदवीमुळे की आधीचा माणूस सोडून गेला म्हणून, देव जाणे. त्या तीन वर्षांत घरातली दोन लग्नं मी अक्षता टाकण्यापुरती गाठली आणि मुलाच्या बारावीला त्याच्या शेजारी बसून माझाच अभ्यास केला. हे परवडणार असेल तर करा.

एमबीए म्हटलं की दोन लाखांचं कर्ज काढायला सांगणारेही भेटतील. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते आणि ती स्वतःच्या शिक्षणालाही चालते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्ही नव्या प्रणालीत गेला असाल तर ते आमिष तुमच्या कामाचं नाही.

तासिकातत्त्व

मी सांगली जिल्ह्यात कॉमर्स शिकवतो, आयडीवरून पगाराचा अंदाज आलाच असेल. शिवाय आमच्या कॉलेजात दूरस्थ शिक्षणाचं अभ्यासकेंद्र आहे, प्रवेशाचं काम माझ्या गळ्यात असतं, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

वयाची अट कुठेच नाही. एमकॉमला नाही, राज्याच्या एमबीए सीईटीला नाही, सेट-नेटलाही सहायक प्राध्यापकासाठी नाही (जेआरएफ या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला आहे). माझ्याकडे मागच्या खेपेला एक गृहस्थ पतसंस्थेतून निवृत्त होऊन एमकॉमला आले होते, पहिल्या बाकावर बसायचे आणि मला जीएसटीतल्या दुरुस्त्या सांगायचे.

एमकॉम की एमबीए? तुमचा प्रश्न कर्जप्रकरणांचा आहे. एमकॉममध्ये हिशेबशास्त्र, कॉस्टिंग, कर, संशोधन पद्धती असा बाज असतो. फायनान्शियल मॅनेजमेंट असतं, पण तो एखाददुसरा पेपर. एमबीएच्या फायनान्समध्ये वर्किंग कॅपिटल, प्रकल्प मूल्यमापन, जोखीम हे जास्त. पण सोबत मार्केटिंग आणि मनुष्यबळही गळ्यात पडतं. इग्नूचा एमबीए (फायनान्शियल मॅनेजमेंट) तुम्हाला बसेल असं वाटतं. पदवीला खुल्या वर्गात ५० टक्के लागतात, राखीव वर्गात ४५. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत ताणता येतो, आणि हेच तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण मुलीची बारावी आडवी येणार. ३० टक्के गुण असाइनमेंटचे, ७० सत्रान्त परीक्षेचे, परीक्षा जून आणि डिसेंबरला. माध्यम इंग्रजी. असाइनमेंट हातानं लिहायची, आणि कृपा करून नेटवर विकत मिळणाऱ्या उतरवू नका, तपासणाऱ्याला वास येतो.

फोनवाल्यांचं. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, आणि तो कोर्स, आणि ते वर्ष, तिन्ही दिसतात का ते बघा. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, कोर्सनिहाय असते. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे 'दूरस्थ म्हणजे कमी' हे आता मनातून काढा. 'सीट ब्लॉक करा' म्हणणाऱ्याला एकच विचारा: डीईबी आयडीशिवाय प्रवेश कसा देणार? आता तो आयडी विद्यार्थ्यानं स्वतः काढावा लागतो. समोरचा गडबडला की फोन ठेवा.

आकडेमोड

@शेवटची_कर्जत, पॅरिटीचं उदाहरण आवडलं. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना ते असं सांगता येणार नाही, हे मान्य. नोकरीबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

वस्त्रनगरी४४

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनचं चार्जिंग संपेपर्यंत वाचत होते.

@निवृत्त_शाखाधिकारी काका, आस्थापनेत विचारलं. बँक आयआयबीएफची सभासद आहे, आणि आमच्यातल्या दोघांनी जेएआयआयबी केलेलीही आहे. कुणी बोललंच नव्हतं! त्यातला एकजण आमच्याच मजल्यावर बसतो. तर ते आधी करणार हे नक्की.

१.३३ कळलं, पण त्यावरून पुढचं डोक्यात आलं ते विचारते. लहान उद्योगांना आम्ही नायक समितीच्या हिशेबानं देतो, उलाढालीच्या २० टक्के. आता बघा, इथं दोन प्रकारचे मागवाले. एक स्वतः सूत घेऊन कापड विकणारा. दुसरा आमच्या मिस्टरांसारखा, व्यापारी सूत देतो, हा विणून देतो, मजुरी घेतो. दुसऱ्याची उलाढाल म्हणजे नुसती मजुरी. त्याच्या २० टक्के काढले तर कर्जाचं लिमिट चिमूटभर येतं. पण कामगारांचा पगार आठवड्याला, वीजबिल महिन्याला, आणि व्यापारी मजुरी देतो तीन महिन्यांनी, कधी चार. सूत त्याचं नाही हे खरं, पण अडकलेला पैसा त्याचाच आहे. मग हा २० टक्क्यांचा आकडा त्याला न्याय देतो का?

@शेवटची_कर्जत ताई, तुमचा गिरणीवाला माझ्या मनातून जात नाही. काल एक ताळेबंद आला, त्यात मार्चअखेरची येणी बघून मी एप्रिलचा खातेउतारा मागवला. सीए साहेबांचा फोन आला, "मॅडम, आजपर्यंत कधी मागितला नव्हता." मी म्हटलं, हो, आता मागितला.

वर्ग इथं नाही हे दुखणं आहेच. पण बँकेतले ते दोघं, शेजारच्या पतसंस्थेतली एक मैत्रीण आणि मी, असं रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर बसायचं ठरतंय. सासूबाईंनी विचारलं, हे कसलं, भिशी का? मी हो म्हटलं.

आता अडचण वेगळीच. इग्नूच्या जानेवारीच्या प्रवेशासाठी तयारी करायला बसले तर बीकॉमची पदवी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. डीईबी आयडीला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिट खात्याचा क्रमांक) लागतो, तो डिजिलॉकरवरून आधारच्याच नावानं आला. यात पुढं अडकेल का?

निवृत्त_शाखाधिकारी

नावाचं दुसरे सांगतील, मी २० टक्क्यांचं सांगतो. प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी आहे.

नायक समितीनं खेळतं भांडवल उलाढालीच्या २५ टक्के धरलं. त्यातले ५ धंदेवाल्याचे, २० बँकेचे. २५ टक्के म्हणजे वर्षाचा पाव हिस्सा, म्हणजे पैसा तीन महिन्यांत एकदा फिरून परत येतो असं गृहीत धरलंय. दोन कोटींची उलाढाल असेल तर गरज ५० लाख, मालकाचे १०, बँकेचे ४०. पण कापड विकून पैसे यायला चार महिने लागत असतील तर तोच पैसा वर्षात तीनदाच फिरतो. मग गरज ५० ची नाही, साधारण ६७ लाखांची. वरचे १७ कुठून येतात? सूतवाल्याच्या उधारीतून, नाहीतर सावकाराकडून. स्टॉक स्टेटमेंटमध्ये ते दिसत नाहीत. शिवाय २० टक्के हा किमान आकडा म्हणून आला होता. चक्र लांब आहे हे कागदावर दाखवलं तर जास्त देता येतं. पण तसा शेरा लिहायला कुणी धजावत नाही.

मजुरीवाल्याचं तर आणखी अवघड, कारण त्याच्या ताळेबंदात साठाच नसतो, नुसती येणी. तारण काय धरणार? त्या येण्यांचं वय बघा, व्यापाऱ्यानुसार लावा. आणि त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का विचारा. असेल तर व्यापाऱ्यानं करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. नाही दिले तर प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. कायदा बाजूनं आहे. आता मिस्टर व्यापाऱ्याला ते तोंडावर सांगतील का, हा प्रश्न फायनान्सचा नाही.

तासिकातत्त्व

ताई, नावाचं. दर प्रवेशाला माझ्याकडे निम्म्या बायका हाच प्रश्न घेऊन येतात. घाबरू नका, अडत नाही, पण कागद आत्ताच जमवा. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर नगरपालिकेत (तुमची आता महानगरपालिका) चौकशी करा, जुन्या लग्नाचीही नोंदणी होते. सोबत महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राची प्रत हाताशी असली की बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रांची भेंडोळी लागत नाहीत.

नवी पदवी कोणत्या नावानं हवी ते मात्र अर्ज भरायच्या आधी ठरवा. बँकेचं सेवापुस्तक, पॅन, आयआयबीएफची नोंदणी, सगळं त्याच नावाशी जुळलं पाहिजे. जेएआयआयबीची नोंदणी तुम्ही आधी करणार म्हणताय, तर सुरुवात तिथूनच होईल. तिथं जे नाव टाकाल तेच पुढे चालवा. आणि बीकॉमचं मूळ प्रमाणपत्र आहे ना हातात, की नुसती गुणपत्रिका? दीक्षान्त समारंभाला न गेलेल्यांची प्रमाणपत्रं विद्यापीठातच पडून असतात. नसेल तर कोल्हापूरला एक खेप मारा, पण सोमवारी जाऊ नका, रांग असते.